एक थेंबही न सांडता

कोलकात्यात थंडी हवेत यायच्या आधी पलंगाखालच्या ट्रंकेत येते. नोव्हेंबर सरत आला की एखाद्या रविवारी घरोघरी ट्रंका ओढल्या जातात आणि स्वेटर, शाली, मफलर गच्चीवर उन्हात पसरले जातात. कितीही ऊन दाखवा, डांबराच्या गोळ्यांचा वास काही जात नाही. सोमवारी सकाळी फेरीबोटीच्या रांगेत उभं राहावं तर अख्खी रांग त्या एकाच वासाची. पुण्याहून आलेले पाहुणे आम्हाला हसतात. "अहो, ही कसली थंडी? आमच्याकडे याला छान हवा म्हणतात." म्हणोत बापडे. इथला माणूस वर्षातले दहा महिने घाम पुसतो आणि उरलेल्या दीड-दोन महिन्यांसाठी माकडटोपी जपून ठेवतो. ती घालायला त्याला निमित्त पुरतं, थंडीच हवी असं नाही.

परवा सकाळी मी नेहमीप्रमाणे हुगळी ओलांडून हावड्याला गेले, माझ्या शेडचं कुलूप काढलं आणि आत पाऊल टाकलं तो अंगावर ओळखीचा गारवा आला. भिंतीवरच्या तापमापकाकडे बघायची गरज नव्हती, तरी बघितलं. पंधरा अंश. मी एकटीच मोठ्याने हसले. ही शेड पूर्वी बिजागऱ्या करणाऱ्या कारखान्याची होती. आता तिथे मी दार्जिलिंगच्या चहाचं एक फसफसणारं पेय करते, बाटलीतच आंबवून, बुडबुडे बाटलीतच धरून ठेवून. त्यात नशा नाही, गंमत आहे. उन्हाळ्यात बाटल्या गार ठेवायला यंत्रं घरघरत असतात. डिसेंबर आला की मी ती बंद करते, कारण मग हे सगळं शहरच माझं तळघर होतं.

आणि दरवर्षी या दिवसांत मला ते पहिलं तळघर आठवतं. आज मी त्याबद्दल लिहिणार आहे आणि लिहिताना थोडी बढाई मारणार आहे. विनयाचं सोंग मला जमत नाही. जे जिंकलं ते जिंकलं म्हणावं, उगीच नशिबाच्या नावावर कशाला घालायचं?

बाबा रेल्वेत अधिकारी. त्यांची नागपूरहून कोलकात्यातल्या गार्डन रीचला बदली झाली तेव्हा मी शाळेत होते. तीन वर्षांनी परत जाऊ म्हणत आलेलो आम्ही इथलेच झालो. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आणि पुढे आंबवण्याचं शास्त्र शिकायला बार्सिलोनाला गेले. आमच्या घरात आंबवणं म्हणजे इडलीचं पीठ आणि फार तर विरजण. दारूचा थेंब घरात कधी आलेला नव्हता. आईने जाताना बजावलं होतं, "शिक सगळं, पण जपून." नेमकं काय जपायचं ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तो अभ्यासक्रम वर्षाचा. त्यात एक हिवाळा खऱ्याखुऱ्या वाइनच्या तळघरात काम केल्याशिवाय पदवी नाही. दोन ठिकाणी मी गेले आणि दोन्हीकडून परत आले. कारण एकच. "तू पीत नाहीस? मग इथे करणार काय?" प्रश्न चुकीचा नव्हता, म्हणून तर तो जास्त लागला. तिसरं ठिकाण उरलं होतं. आमचे प्राध्यापक म्हणाले, "रोझेरबाई दर हिवाळ्याला एकच विद्यार्थी घेतात. सगळ्या वर्गाला घेऊन जातो, त्या निवडतील. तिथे नाही जमलं तर पुढच्या वर्षी बघू." माझ्याकडे पुढचं वर्ष नव्हतं. नोकरीतून मिळालेली रजा एका वर्षाची, शिष्यवृत्ती एका वर्षाची. तिथे नाही जमलं असतं तर अर्धी पदवी घेऊन घरी येणार होते आणि 'मुलीला एवढ्या लांब कशाला पाठवलंत' म्हणणाऱ्यांसमोर बाबांना मान खाली घालावी लागणार होती. त्या सकाळी आगगाडीत बसताना मी घाबरले होते, हे मी कबूल करते.

शहरापासून तासाभरावर द्राक्षांचे मळे सुरू झाले. खुडणी केव्हाच उरकली होती. वेलींवर पिवळी, तांबूस पानं तेवढी उरली होती आणि मधूनमधून बदामाची झाडं. तळघर गावाबाहेर होतं. वरून साधं दगडी घर, दारात मांजर. आत मात्र जिना खाली उतरत जातो, वळतो, परत उतरतो आणि मग लांबच लांब बोगदे. दोन्ही बाजूंना आडव्या बाटल्यांचे ढीग, धूळ बसलेले, माझ्या उंचीच्याही वर गेलेले. ओल्या दगडाचा वास, त्याच्या मागून यीस्टचा, पहाटे बेकरीवरून जाताना येतो तसा. आणि गारवा, पंधरा अंशांचा.

गारवा लागताच माझ्यातल्या कोलकातावासीयाने आपलं कर्तव्य केलं. पिशवीतून आईने दिलेली माकडटोपी काढली, कानांवरून ओढली, हनुवटीखाली नीट बसवली. "ठांडा लेगे जाबे" हे वाक्य लहानपणापासून इतक्या शेजारणींनी ऐकवलं होतं की थंडी बाधेल या भीतीने हात आपोआप टोपीकडे जातो. बाकीचे सगळे नुसत्या शर्टांवर होते.

रोझेरबाई साठीच्या, बुटक्या, आखूड पांढऱ्या केसांच्या. कमरेला किल्ल्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आजारी आहेस?"

"नाही. थंडी आहे म्हणून."

"ही थंडी नाही," त्या म्हणाल्या. "इथे ऑगस्टमध्येही असंच असतं." आणि पुढे चालू लागल्या.

चालता चालता त्यांनी सगळं समजावलं. तयार वाइन बाटलीत भरताना तीत थोडी साखर आणि यीस्ट घालून झाकण लावतात. आत ती दुसऱ्यांदा आंबते, बुडबुड्यांना बाहेर जायला वाट नसते, म्हणून ते वाइनमध्येच मुरतात. काही वर्षांनी यीस्ट मरून गाळ होतो. मग बाटल्या रोज थोड्या फिरवत, थोड्या तिरक्या करत उलट्या करायच्या, म्हणजे गाळ गळ्याशी येऊन बसतो. शेवटी बाटली उघडायची. आतल्या दाबाने गाळ बाहेर उडतो आणि वाइन आत राहते. "राहते," रोझेरबाई म्हणाल्या, "जर उघडणाऱ्याला हात असेल तर." मला ते सगळं इतकं आवडलं की क्षणभर मी परीक्षा द्यायला आले आहे हेही विसरले.

मग चव घेणं. लांब टेबल, प्रत्येकापुढे ग्लास आणि मध्ये एक जस्ताची बादली. रीत अशी, की घोट घ्यायचा, तोंडात खुळखुळवायचा आणि बादलीत थुंकायचा. एकामागून एक सगळे थुंकले, अगदी सहज. माझी पाळी आली आणि मी अडकले.

विद्यापीठातही आम्ही चव घ्यायचो, पण तिथे प्रत्येकाला आडोसा असायचा आणि पुढ्यात छोटं बेसिन. तोंड फिरवलं, काम झालं. इथे समोर वयाने मोठी बाई उभी, तिने स्वतःच्या हातांनी केलेली वस्तू प्रेमाने पुढ्यात ठेवलेली, आणि ती मी तिच्यादेखत बादलीत थुंकायची? आमच्याकडे पानात टाकलेलं चालत नाही. तोंडात घेतलेलं बाहेर काढायचं ते फक्त भातात खडा लागला तर, आणि तेही हात आड करून. मी डोळे मिटले आणि गिळलं. दुसरा ग्लास आला, तोही गिळला. नंतरचेही. जन्मात न प्यालेली मी, बघता बघता कान गरम झाले आणि टोपीच्या आत बरं वाटू लागलं. भीतीही पार पळाली होती, हे सगळ्यात वाईट.

शेवटची बाटली जुनी होती, तळघरातली सगळ्यात मानाची. रोझेरबाईंनी स्वतः ओतली. "कशाचा वास येतो?" त्यांनी एकेकाला विचारलं. कोणी म्हणालं मध, कोणी भाजलेला पाव, कोणी सुकी फुलं. माझ्याजवळ त्या आल्या. मी ग्लासात नाक घातलं, दीर्घ श्वास घेतला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "डांबराच्या गोळ्या."

काही जुन्या वाइनना तसला वास येऊ शकतो, पण या वाइनला आला तर तो दोष. रोझेरबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी माझा ग्लास घेतला, हुंगला. बाटली हुंगली. दुसरी बाटली मागवली, उघडली, तीही हुंगली. मग त्या माझ्याकडे बघत राहिल्या, एक पाऊल पुढे आल्या, आणि वाकून त्यांनी माझी टोपी हुंगली.

सगळा वर्ग खो खो हसला. प्राध्यापकांनी कपाळाला हात लावला. रोझेरबाई हसल्या नाहीत. "टोपी काढ," एवढंच म्हणाल्या. मी काढली, परत वास घेतला. उन्हात तापलेल्या पोळीच्या पिठाचा वास होता, खमंग आणि स्वच्छ. पण आता सांगून काय उपयोग? शेजारी बसणारी माझी इटालियन मैत्रीण जूलिया कानात म्हणाली, "चल, निदान जेवायला तरी मिळेल." मला रडू येत होतं.

तळघरातले लोक सकाळीच पोटभर खातात. वरच्या मजल्यावर मोठं टेबल मांडलं होतं. उकडलेल्या घेवड्याच्या शेंगा, सॉसेज, टोमॅटो चोळलेला पाव. मी पाव घेतला. टेबलावर ग्लास मात्र एकही नव्हता. त्याऐवजी काचेचं एक विचित्र भांडं हातोहात फिरत होतं. सुरईसारखं पोट, एका बाजूला धरायचा गळा, दुसऱ्या बाजूला लांब निमुळती चोच. त्याला पोर्रॉन म्हणतात. त्यात त्या वर्षीची कोवळी, बिनबुडबुड्यांची वाइन. भांडं उंच धरायचं, चोचीतून बारीक धार तोंडात सोडायची आणि ओठ लावायचा नाही. एकाच भांड्यातून सगळे पितात, म्हणून ओठ लावणं म्हणजे असभ्यपणा.

मी चमकले. ज्या देशात मैत्रिणी एकमेकींचं अर्धं खाल्लेलं सफरचंद खुशाल चावतात, तिथे उष्ट्याचा एवढा विचार!

नव्याने आलेल्याने उभं राहून प्यायचं आणि बाकीच्यांनी टेबल बडवायचं, अशी तिथली पद्धत. आमच्यातला उंचापुरा जर्मन मुलगा उठला आणि धार थेट त्याच्या डोळ्यात गेली. जूलियाची पहिली धार बरोबर तोंडात गेली, पण थांबवताना सगळी गळ्यावरून कॉलरमध्ये उतरली. एकेकाचा शर्ट रंगत गेला. कामगार मजेत टेबल बडवत होते. मग कोणीतरी म्हणालं, "आता टोपीवाली."

मी उठले. आता थोडं हावड्याबद्दल सांगायला हवं. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही नागपूरला जायचो. तिघं जण, पाण्याचा एकच मोठा फिरकीचा तांब्या, आणि आईचा कायदा असा की कोणी ओठ लावायचा नाही. गाडी हावड्याहून सुटली की यार्डात रुळांचं जाळंच असतं. डबा डावीकडे झुकतो, उजवीकडे आपटतो, परत डावीकडे. मला नेमकी तेव्हाच तहान लागायची. लहानपणी किती फ्रॉक भिजवले असतील! बाबा समोर बसून शिकवायचे. "ताठ बसू नकोस मनू, डबा हलेल तशी हल. मान वर, मनगट सैल. आणि थांबवताना हळू नाही थांबवायचं. झटक्यात." आई म्हणायची, "अहो, स्टेशन येऊ द्या, मग पिईल की." बाबा म्हणायचे, "उभ्या गाडीत काय, कुणीही पिईल." माझी शाळा संपेपर्यंत मी यार्डातल्या सगळ्यात वाईट सांध्यावरून जाताना गटागटा पाणी पीत होते.

आणि इथे तर जमीन हलतही नव्हती. डोक्यात थोडी वाइन होती, म्हणजे जेमतेम एका सांध्याएवढी हालचाल. मी पोर्रॉन उचलला, मान मागे टाकली आणि धार सोडली. हात हळूहळू लांब नेला, पूर्ण लांब. टेबल बडवणं वाढलं. धार कमानीसारखी उंच गेली आणि सरळ घशात उतरत राहिली. मी गिळत होते आणि श्वास नाकाने चालू होता. आजूबाजूचा गलका हळूहळू विरला. मग मी मनगट झटकलं आणि धार तोडली. हनुवटीवर थेंब नाही. कॉलरवर थेंब नाही. मी भांडं टेबलावर ठेवलं आणि पावाचा तुकडा तोडला.

मग जो काही ओरडा झाला! जर्मन मुलगा खुर्चीवर चढला. प्राध्यापक, ज्यांनी कपाळाला हात लावला होता, तेही टेबल बडवत होते.

रोझेरबाई टेबलाच्या टोकाहून उठून आल्या. पोर्रॉन माझ्या हातात दिला. "परत," म्हणाल्या. मी परत प्यायले. त्या माझ्या तोंडाकडे नाही, मनगटाकडे बघत होत्या.

"कुठे शिकलीस?"

"चालत्या गाडीत. वडलांनी शिकवलं."

त्या आपल्या माणसांकडे वळल्या. "धार सोडता कुणालाही येते. ही तोडते." मग मला म्हणाल्या, "बाटलीतून गाळ उडाला की पुढच्या क्षणाला बाटली उभी करून अंगठा ठेवायचा असतो. त्याला हेच मनगट लागतं. ते मला शिकवता येत नाही, बाकी सगळं येतं." त्यांनी आवाज खाली आणला. "आणि तू बादलीत काहीच टाकलं नाहीस. मी बघत होते."

"आमच्याकडे टाकत नाहीत," मी म्हटलं.

"माझी आजीही टाकायची नाही. पण कामावर थुंकावं लागेल, नाहीतर दुपारपर्यंत तू जिन्यात झोपशील. शिकशील?"

"शिकेन."

"मग सोमवारी ये. टोपी घरी ठेव."

मी जिंकले होते! जूलियाने मला मिठी मारली आणि तिच्या कॉलरची वाइन माझ्या शर्टाला लागली. तेवढाच त्या दिवसाचा माझा डाग.

थुंकायला मी शिकले, रीतसर. आता इथे चहाच्या लिलावाआधी मळ्यांचा माल चाखायला बसतात तिथे मला बोलावतात. पांढऱ्या पेल्यांची रांग, चमच्याने जोरात सुर्र करून ओढायचं आणि चाकांवरच्या उंच पिकदाणीत नेम धरून सोडायचं. मुरलेले बंगाली चहापारखी माझा नेम बघून मान डोलावतात. आई एकदा माझ्याबरोबर आली होती. दारातूनच परत गेली. "घरी असलं काही करू नकोस हो," एवढंच म्हणाली.

तो सगळा हिवाळा मी तळघरात काढला. पहिली बाटली उघडली तेव्हा अर्धी वाइन छतावर गेली आणि उरलेली माझ्या तोंडावर. मनगट झालं म्हणून अंगठा लगेच येत नाही. रोझेरबाई शेजारी उभ्या राहून "परत" म्हणायच्या, मी परत करायचे. अंगठ्याची कातडी सोलवटली, मग घट्टा पडला. आणि नाताळच्या आधी कधीतरी एका सकाळी लय सापडली. उलटी बाटली उचलून वर वळवायची, उजेडात बुडाचा बुडबुडा गळ्याकडे सरकताना पाहायचा, तो पोचायच्या आत झाकण उडवायचं, फट्, गाळाचा ठिपका समोरच्या पिंपात, अंगठा तोंडावर. मग दुसरी, मग तिसरी. बोगद्यात आवाज घुमायचा आणि मला वाटायचं, ओरडून सगळ्यांना सांगावं. ज्यांनी मला दारातून परत पाठवलं होतं त्यांना तर आधी सांगावं.

घरी फोनवर मी सगळं सांगत होते. आई ऐकायची, हसायची. बाबा विचारायचे, "जेवलीस का? मोजे पुरेसे आहेत ना?" कामाबद्दल अवाक्षर नाही. मग आईकडून कळलं की कोलकात्यातल्या मराठी मंडळात कोणी विचारलं तर बाबा सांगतात, "अन्नप्रक्रियेतलं काहीतरी आहे," आणि लगेच हवापाण्यावर बोलू लागतात. मला राग आला नाही, पण लागलं. खूप लागलं. त्यांच्याच शिकवणीवर मी तिथे उभी होते आणि त्यांनाच ते लपवावंसं वाटत होतं.

संक्रांतीला मंडळाचा तिळगूळ समारंभ होता. इथे संध्याकाळ, तिथे दुपार. मी तळघराच्या अंगणात उन्हात खोक्यावर बसले होते. आईने फोन उंच धरून सगळा हॉल दाखवला. काठापदराच्या साड्या, हलव्याचे दागिने घातलेली एक चिमुरडी, समोर जोगळेकर काकू. काकू इथेच जन्मलेल्या, शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. मंडळात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी बाबांना गाठलंच.

"काय हो देशमुख, मुलगी परदेशात नक्की करते तरी काय? दर वेळी काहीतरी मोघम सांगता."

फोनच्या कोपऱ्यात मला बाबांचा अर्धा चेहरा दिसत होता. बाबांनी तिळगुळाची वाटी खाली ठेवली. घसा खाकरला.

"वाइन करते," ते म्हणाले. "बुडबुड्यांची. तीतला गाळ हाताने काढायचा असतो. भल्याभल्यांच्या अंगावर उडतो. माझ्या मुलीचा थेंब सांडत नाही."

काकूंनी चष्मा नीट केला. "वाइन म्हणजे दारूच ना?"

"हो," बाबा म्हणाले, चांगले मोठ्याने, मागच्या रांगेलाही ऐकू जाईल असे. "दारूच. उत्तम प्रतीची."

काकूंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "असं आहे होय. मग येताना एक बाटली आणायला सांगा तिला. बघू तरी."

सगळा हॉल हसला. मी अंगणात एकटीच रडत होते आणि हसत होते. बाबांनी आईच्या हातातून फोन घेतला, अगदी तोंडाजवळ धरला, त्यामुळे मला फक्त त्यांचं नाक आणि मिशी दिसत होती.

"मनू, ऐकलंस ना? एक नको, दोन आण. एक आपल्या घरी."